जुळे सोलापुरातलं एक घर: चादर, जुनं सागवान आणि परत न गेलेला गालिचा

पार्श्वभूमी

मी सोलापुरात घरांच्या आतल्या सजावटीची कामं घेतो. हे प्रकरण ज्या कुटुंबाचं आहे त्यांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं घेतलेली नाहीत. मी त्यांना समोरासमोर 'सर' आणि 'मॅडम' म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मॅडम बँकेत आहेत. मुलगी नऊ वर्षांची, तिला धुळीचा त्रास. शिंका सुरू झाल्या की थेट दम्याच्या पंपापर्यंत जातं. चौथ्या आजी, म्हणजे सरांच्या आई. त्यांचे यजमान गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यामुळे कापड बोटांत धरलं की आजी बोलायला लागतात. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असा नवा फ्लॅट. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. सोलापुरात पश्चिमेची खिडकी काय असते हे एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

बजेट तीन लाख. त्यात पलंग, जेवणाचं टेबल, कपाटं, पडदे, अंथरुणं-पांघरुणं सगळं. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरलेली. मला बोलावलं तेव्हा हातात साधारण चार महिने होते.

मॅडमनी पहिल्याच भेटीत अट सांगितली, "घरात येणारी वस्तू कुणाच्या पोटावर पाय देऊन आलेली नको, आणि पाच वर्षांत उकिरड्यावर जाणारीही नको." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर अशी अट घालणारी बरीच माणसं दुसऱ्या भेटीत किंमत ऐकून विसरतात. या विसरल्या नाहीत.

अडचण कुठून सुरू झाली

मला बोलावण्याआधी त्यांनी एक खरेदी केली होती. डिसेंबरच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला पाच बाय सात फुटांचा गालिचा. वर्णनात लिहिलं होतं, 'हाताने विणलेला, पर्यावरणस्नेही, ज्यूट'. किंमत ४,८००. तो आला, गुंडाळलेलाच ठेवला गेला, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकल्यावर भाड्याच्या घरात सहज म्हणून उघडला. मुलीला शिंका. सरांनी काठाचे दोन धागे उपटले आणि गॅसवर धरले. तपकिरी धागा कागदासारखा जळला, मऊ राखाडी राख झाली. पांढरट धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी उरली. म्हणजे पॉलिएस्टर. खालच्या बाजूला रबरी डिंकाचा थर, वास त्याचाच.

परत करायची दहा दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. फोन लावला तर तिकडून सांगितलं, वर्णनात खाली 'ज्यूट ब्लेंड' असं लिहिलेलं आहे. बघितलं. होतं.

मॅडमचा राग पैशांवर नव्हता. "मी वाचून घेतलं होतं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. इथून पुढे कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हीच या सगळ्या प्रकरणातली अडचण होती.

शिक्क्यांची वही

सरांनी एक वही केली. मालावर असणारा प्रत्येक प्रमाणपत्राचा शिक्का कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, एवढंच एका ओळीत. ही वही मला इतकी आवडली की मी आता दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही तसंच सांगतो.

हँडलूम मार्क, २००६ पासून: कापड हातमागावर विणलंय, एवढंच. रंग कुठला, मजुरी किती, याबद्दल तो गप्प. भौगोलिक मानांकन: माल त्या गावचा आहे. सोलापुरी चादरीला आणि इथल्या टर्किश टॉवेललाही ते आहे. पण त्यात विणकराच्या पगाराबद्दल काही नाही, आणि नावाचा गैरवापर थांबतोच असंही नाही. पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून विकला जातो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. ओइको-टेक्स: तयार कापडात घातक रसायनं ठरावीक मर्यादेच्या आत. गॉट्स: किमान ७० टक्के सेंद्रिय धागा, शिवाय प्रक्रिया आणि कामगारांच्या अटीही. एफएससी: लाकूड कुठल्या जंगलातून आलं. गुडवीव्ह, जे १९९४ मध्ये रगमार्क नावाने सुरू झालं: गालिच्याच्या मागावर लहान मुलं बसवलेली नाहीत.

वहीच्या तळाशी सरांनी लिहिलं होतं, 'एका शिक्क्याला एकच प्रश्न विचारायचा.'

गालिच्यावर यातला एकही शिक्का नव्हता. होते ते फक्त शब्द.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शहरातल्या शोरूमचा. पार्टिकल बोर्डचं फर्निचर, पंधरा दिवसांत घरपोच, बजेटच्या आत. सरांनी तो रसायनाच्या बाजूने खोडला: या बोर्डात बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, बंद खोलीत आणि उष्णतेत तो वायू सोडत राहतो, आणि घरात दम्याची मुलगी. दुसरा, ऑनलाइन 'सस्टेनेबल' ब्रँड. काहींकडे शिक्के खरे होते, पण बजेटमध्ये फक्त पलंग आणि टेबल बसत होतं. जयपूरच्या एका विक्रेत्याला 'भाजीच्या रंगातली' चादर म्हणजे नेमका कुठला रंग, असं सरांनी विचारलं. उत्तर आलं, 'नॅचरल, सर.' तिसरा पर्याय इथलंच शोधायचं. चौथा आजींचा: "आहे ते वापरा की. ट्रंकेत काय कमी आहे?"

तेव्हा चौथ्या पर्यायाकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मला तर त्यातून काही मिळणारही नव्हतं.

चादरीचा निर्णय

मॅडमना सगळं हातमागाचं हवं होतं. सोलापूर हातमागाचं गाव, अशी बाहेरच्यांसारखीच त्यांचीही समजूत. प्रत्यक्षात इथं हातमाग फार थोडे उरलेत. पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगूभाषक विणकरांच्या घरांतून जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) वॉल हँगिंग विणणारे काही जण आहेत, पण चादर आणि टॉवेल यंत्रमागावरच निघतो. सोलापुरी चादर हातानेच विणलेली असते असं सांगणारा दुकानदार भेटला तर दुसऱ्या दुकानात जावं.

म्हणजे आता निवड अशी होती: लांबून हातमागाचं मागवायचं, की चार किलोमीटरवरच्या कारखान्यातलं यंत्रमागाचं घ्यायचं? मॅडमना यंत्र म्हणजे हरल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, आधी जाऊन बघू.

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आणि साखर पेठेच्या बाजूला मिळून तीन कारखाने पाहिले. आत शिरलं की पहिली पाच मिनिटं फक्त खडखडाट. हवेत कापसाचे तंतू, कामगारांच्या भुवयांवरसुद्धा. मागांमागे बायका कांड्या (धाग्याच्या नळ्या) भरत बसलेल्या. मालक कामगाराशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत. एका ठिकाणी मॅडमनी सरळ मालकालाच विचारलं, पगार किती देता? ते हसले. "नगावर असतंय ओ मॅडम. जितकी चादर तितका पैसा."

बाहेर चहाच्या टपरीवर एका विणकराला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "लाइट गेली तर माग बंद, नग कमी. मालकाचं नुकसान हाय, पन आमचा तर दिवसच जातोय." बारा तासांची पाळी. पीएफचं विचारल्यावर त्याने खांदे उडवले. यंत्रमाग कामगारांच्या पीएफचा प्रश्न इथं वर्षानुवर्षं पेटता आहे. दोन्ही बाजू ऐकल्या तर दोन्हीकडे थोडं खरं सापडतं.

मॅडम त्या दिवशी गाडीत गप्प होत्या. रात्री फोन आला. "इथलं घेतलं तर या पद्धतीला मी पैसे देते. नाही घेतलं तर त्या माणसाचे नग कमी. काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तीनपैकी एका कारखान्यात मस्टर, म्हणजे हजेरीपट होता, पीएफ कापला जात होता आणि आत पंखे होते. तिथली चादर बाकीच्यांपेक्षा नगामागे दीडशे रुपयांनी महाग. सरांचं मत पडलं की फरक तिथं द्यायचा. मॅडमना ते अपुरं वाटलं; त्या म्हणाल्या, पंखा असणं ही काही नीती नाही. तरी निर्णय तोच झाला. मला तो आजही बरोबर वाटतो. कारखान्यात आपण पाहून आलो होतो, हातमागाच्या लांबच्या दुकानाबद्दल आपल्याला फक्त शिक्का ठाऊक होता.

इथं एक चांगली गोष्ट योगायोगाने घडली. मला पडद्यांसाठी एकरंगी कापड हवं होतं, पण एका घरासाठी कुणी नवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, चढवत नाही. मालकच म्हणाले, एक बीम (ताण्याचा रूळ) संपत आलाय, शेवटच्या उरलेल्या ताण्यावर तुमच्या रंगाचा बाणा (आडवा धागा) टाकून देतो, एरवी तो तुकडा चिंध्यांत जातो. गडद विटकरी निवडला. आणि पश्चिमेच्या खिडकीसाठी आजींनी पडदा सुचवलाच नाही, चादर सुचवली. दुहेरी विणीची जाड सोलापुरी चादर, पितळी कड्या लावून. "आमच्या चाळीत उन्हाळ्यात हेच करायचो, वरून पाणी शिंपडून," त्या म्हणाल्या. पाणी शिंपडायचा भाग सोडून दिला. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, खिडकीवर शिंपडायला कुठून आणायचं?

लाकूड

अक्कलकोट तालुक्यातल्या पाडलेल्या एका वाड्याचं सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आलं होतं. तुळया, कड्या, कोरीव चौकटी. मॅडम चौकटींच्या प्रेमात पडल्या. आरशाभोवती एक, टीव्हीमागे एक, असं चित्र तयार.

चौकटींवर जुन्या ऑइल पेंटचे तीन-चार थर होते. सरांनी तिथंच हात आडवा धरला. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे. त्याआधीच्या रंगात शिसं किती, कुणाला माहीत. कोरडा घासला तर ती धूळ घरात येणार, आणि त्याआधी सुताराकडच्या पोराच्या नाकात जाणार. 'कुणाच्या पोटावर पाय नको' हे वाक्य मॅडमना स्वतःच आठवलं. चौकटी तिथंच राहिल्या. रंग न लागलेल्या तुळया घेतल्या, पलंग आणि पुस्तकांच्या मांडणीसाठी.

माझी चूक याच्या पुढची. लाकूड घेतलं आणि मग सुताराला दाखवलं. त्याने तुळईवर हात फिरवला, दोन खिळ्यांची टोकं दाखवली आणि म्हणाला, "रंध्याचं पातं तुमचं, की माझं?" खिळे काढण्यात चार दिवस गेले, दोन पाती तुटली, एका तुळईचं पोट वाळवीने पोकळ निघालं. मजुरी ठरल्याच्या दीडपट झाली. ती रास्त होती.

स्वयंपाकघरात जुनं लाकूड न वापरता आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घेतलं. त्याचा डिंक फिनॉलचा असतो, वायू फार कमी सुटतो आणि ओलाव्यात ते फुगत नाही. यावर कुणाचाच वाद झाला नाही.

घोंगडी

हॉलमध्ये गालिच्याऐवजी घोंगडी घालायची कल्पना माझी. सांगोल्याकडे एका वयस्कर कारागिराकडे गेलो. खड्डामाग, दख्खनी मेंढीची काळी लोकर, वर चिंचोक्याची खळ. विणायला दोन-तीन दिवस लागतात असं ते म्हणाले. आणि सूत कातायला? "त्याला जास्त. पर ते बायका करत्यात, ते कोन मोजतंय?"

आजींनी सवयीने घासाघीस केली आणि दोनशे कमी करवून घेतले. मॅडम तिथं काही बोलल्या नाहीत, आणि परतीच्या वाटेवर मोहोळपर्यंत त्यांचं त्या दोनशे रुपयांचंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून उरलेले पैसे पाठवू का, असं विचारलं. कारागीर म्हणाले, सौदा झाला की झाला, दुसरी लागली तर पूर्ण भावाने घ्या. चार महिन्यांनी घेतली, माहेरच्या लग्नात आहेर म्हणून. दोनशे रुपयांचा प्रश्न असा सुटला. कातणाऱ्या बायकांचा नाही सुटला.

शेवटी काय झालं

वास्तुशांतीला पलंग तयार नव्हता. भाड्याच्या प्लॅस्टिक खुर्च्यांवर पाहुणे बसले, आणि एका काकांनी 'पर्यावरणाचं घर कुठंय?' असं विचारून घेतलं. काम सात आठवडे लांबलं, खर्च तीन लाख बेचाळीस हजारांवर गेला. जादा रकमेतला मोठा भाग सुतारकामाचा.

पश्चिमेच्या खिडकीवरची चादर उत्तम निघाली. मे महिन्यात संध्याकाळी हॉलमध्ये बसता येतं. पण धुवायला ती राक्षसासारखी पाणी पिते आणि ओली झाल्यावर एकट्याने उचलत नाही. आता दर रविवारी गच्चीवर झटकतात, धुणं वर्षातून दोनदा, नळ सलग आला तर.

विटकरी पडद्यांचं मात्र हसं झालं. कोरं सुती कापड न धुता मापात शिवून घेतलं. पहिल्या धुण्यात ते चार बोटं आक्रसलं आणि पडदे खिडकीच्या वर लोंबायला लागले. शिंप्याने खाली पट्टी जोडली. आजी म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, कोरं कापड रात्रभर भिजवतात." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

घोंगडी पावसाळ्यात वास मारायला लागली. खळीमुळे झुरळं फिरकली, आणि मुलगी त्यावर बसायला तयार नाही, लोकर टोचते. ती आता भिंतीवर आहे, आणि खरं तर तिथंच जास्त शोभते. हॉलमध्ये खाली काय आहे? वाकळ. आजींच्या ट्रंकेतली सात जुनी लुगडी, त्यात दोन इरकली, पूर्व भागातल्या दोघी बहिणींनी घरी येऊन थर लावून शिवली. खर्च सगळ्या यादीत सर्वांत कमी, धुवायला बादलीभर पाणी, मुलीला शिंका नाहीत. ज्या पर्यायाकडे कुणी पाहिलं नव्हतं तोच आज पायाखाली आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

मी ट्रंक आधी उघडेन. घरात काय आहे याची यादी झाल्याशिवाय दुकानाची यादी करणार नाही. गिऱ्हाइकाला हे सांगायला मला धंद्याच्या दृष्टीने अवघड जातं, हेही लिहून ठेवतो.

लाकूड पाहायला जाताना सुतार बरोबर असेल. त्याचा एक दिवसाचा रोज देऊन नेला असता तरी तो स्वस्त पडला असता. कापड शिंप्याकडे जाण्याआधी भिजेल. काम आणि मुहूर्त यांची सांगड घालणार नाही. वास्तुशांत रिकाम्या घरातही होते. घाई झाली की माणूस 'चालतंय' म्हणतो आणि चौकशी थांबवतो. आमच्या चुकांच्या तारखा पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या शेवटच्या तीन आठवड्यांतल्या आहेत.

कारखान्याच्या बाबतीत सर आणि मॅडम यांचं अजून एकमत नाही. सरांच्या मते मस्टर असलेल्या जागी दीडशे रुपये जास्त देणं हे एका घराला जमण्यासारखं होतं. मॅडम म्हणतात, चादरी घेण्याआधी आपण त्या विणकराला तो कुठल्या कारखान्यातला हेही विचारलं नाही. आपण घेतलेल्या चादरी त्याच्या नव्हत्या. हे खरं आहे. तो महाग नसलेल्या कारखान्यातला होता. त्याचे नग आमच्यामुळे वाढले नाहीत.

आणि तो ऑनलाइन गालिचा. टाकून द्यायचा तर कचऱ्यात जाणार, द्यायचा तर कुणाच्या तरी घरात डिंकाचा वास जाणार. म्हणून वर्षभर गुंडाळून बाल्कनीत होता. उन्हात वास गेला. आता तो वॉशिंग मशीनच्या खाली आहे, थरथर थांबवायला. अजून कुठंही झिजलेला नाही.